पडद्यावरची बेरीज बरोबर, छापलेलं बिल चूक. टेबलातूनच डेटा वाचतोय हे चुकतंय का?

भाच्याचा_लॅपटॉप

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी प्रोग्रामर नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा, दिवसा वर्कशॉपवर, आणि पायथन शिकलो ते व्हिडिओ बघून. काही येडपटपणा दिसला तर सांभाळून घ्या.

मामाचं दूध संकलन केंद्र आहे, सांगली जिल्ह्यात. एकशेचाळीसच्या आसपास सभासद, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. पूर्वी सगळं रजिस्टर आणि कॅल्क्युलेटरवर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पायथन, पायक्यूटी५ (पायथनमधून खिडक्या-बटणं करायचं साधन, आतलं मूळ क्यूटी) आणि एसक्यूलाइट (एका फाइलीत बसणारा छोटा डेटाबेस) घेऊन एक प्रोग्राम करून दिला. वर सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाकायचं, दरपत्रकातून दर आपोआप येतो, एंटर दाबलं की खालच्या टेबलात ओळ पडते आणि पावती निघते. टेबल म्हणजे क्यूटेबलविजेट, क्यूटीचा तयार तक्ता. पाळी संपली की मामा 'जतन करा' दाबतो. तेव्हा मी टेबलातला एकेक चौकोन वाचतो आणि त्यातला टेक्स्ट जसाच्या तसा डेटाबेसात टाकतो. दहा दिवसांनी पगार (सभासदांचे दुधाचे पैसे) काढायचा तेव्हा एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिटर गुणिले दर, त्याची सम (बेरीज), की बिल तयार. आठ महिने एका पैशाची चूक नव्हती.

१६ जुलैला मामा म्हणाला, "अरे, नावं मराठीत, पावती मराठीत, मग आकडेच तेवढे इंग्रजी कशाला? म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत." बरोबर होतं त्याचं. संध्याकाळची पाळी झाल्यावर मी दहा अंकांची अदलाबदल करणारं चार ओळींचं फंक्शन लिहिलं आणि टेबलात आकडा भरताना ते लावलं. 12.5 चं १२.५ झालं. मामा खूश, मी पण.

२१ तारखेला ११ ते २० चे पगार छापले. दुपारी एक आजी आल्या. त्या सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि नातवाकडून बेरीज करून घेतात. बिलावर ७१ लिटर. पडद्यावर त्यांचं नाव काढलं तर ११८.५ लिटर. पावत्यांची बेरीजही ११८.५. आजी मामाकडे बघतायत, मामा माझ्याकडे. पंधराशेच्या वर फरक. मग बाकीची बिलं काढून बघितली, तर झाडून सगळी कमी.

डेटाबेस एकच, आकडे तेच. पडद्यावर बरोबर आणि बिलात कमी, हे होतं कसं?

आणि दोन बारीक गोष्टी, एकातच विचारून घेतो. एक, लिटरच्या कॉलमवर टिचकी मारून क्रम लावला की १०.५ हे ९.० च्या आधी येतं. दोन, क्रम लावलेला असताना नवीन ओळ टाकली की कधीकधी नाव एका ओळीत आणि फॅट भलत्याच ओळीत जाऊन बसतं. आता मामाला सांगितलंय की क्रम लावायचाच नाही.

कोणीतरी म्हणालं, "डेटा आणि डिस्प्ले वेगळे ठेव." पण मी तर वेगळेच ठेवलेत ना? डेटा एसक्यूलाइटमध्ये, डिस्प्ले टेबलात.

जावाकर

भाऊ, आधी डेटाबेस उघड आणि लिटरच्या कॉलमवर टाइपऑफ (साठवलेली किंमत कोणत्या प्रकारची ते सांगतं) चालव, ग्रुप बाय करून (प्रकारवार मोजून). काय काय प्रकार निघतात आणि किती ओळी, ते इथे टाक. माझा अंदाज आहे, पण तुझ्या आकड्यांवरून बोललेलं बरं.

क्रमाचं आत्ताच सांगून टाकतो. १०.५ आधी येतं कारण तुझ्या चौकोनात आकडा नाही, अक्षरं आहेत. १ हे ९ च्या आधी, झालं, पुढे बघतोय कोण. आणि ओळी विस्कटतात कारण क्रमवारी चालू ठेवून तू एकेक चौकोन भरतोयस. ज्या कॉलमवर क्रम लावलाय तो चौकोन भरल्याबरोबर क्यूटी ती ओळ उचलून तिच्या जागी नेऊन ठेवतं. तू मात्र 'ओळ नंबर १४' धरून बसलेला. मग फॅट जातं त्या १४ वर, जिथे आता दुसराच कोणीतरी आहे. भरण्याआधी क्रमवारी बंद कर, भरून झाल्यावर चालू कर. क्यूटीच्या कागदपत्रांतही हा इशारा आहे, पण तो वाचायची वेळ आपल्यावर नेहमी नंतर येते.

स्विंगमध्ये (जावाचं खिडक्यांचं साधन) याचाच भाऊ आहे. जावा ६ मध्ये जेटेबलला (तिथला तक्ता) रोसॉर्टर (ओळींचा क्रम लावणारा) मिळाला आणि आम्ही आनंदाने सगळीकडे लावला. मग वापरणाऱ्याने क्रम लावून तिसरी ओळ निवडली, 'काढून टाका' दाबलं, आणि मॉडेलमधली (तक्त्यामागच्या मूळ यादीतली) तिसरी ओळ उडाली. म्हणजे दुसराच माणूस. दिसणाऱ्या ओळीचा नंबर मॉडेलच्या नंबरात बदलून घ्यायची मेथड असते, ती वापरायची राहिली होती. ती चूक मी स्वतः केलीय, आणि ती सापडली तेव्हा मी रजेवर होतो, हे माझं नशीब.

भाच्याचा_लॅपटॉप

जावाकर, आभार. चालवून बघितलं. बहुतेक सगळ्या ओळी रिअल, म्हणजे दशांश आकडे. पण १,०४६ ओळी टेक्स्ट! मी टेबल बनवताना लिटर रिअलच लिहिलं होतं, शपथेवर. मग त्यात टेक्स्ट गेलं कसं आणि एसक्यूलाइट काही बोललं कसं नाही?

फ्लेक्सग्रिडवाली_मावशी

अरे भाच्या, तुझ्या १,०४६ ओळी बघून मला माझी २००१ सालची पतसंस्था आठवली. थोडं लांबड लावणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तुझं कोडं. एसक्यूलाइटमध्ये कॉलमला 'रिअल' म्हटलं तरी ती सक्ती नसते, विनंती असते. तू टेक्स्ट पाठवलास "12.5" असा, तर ते बघतं, हा आकड्यासारखा दिसतोय, आणि गुपचूप १२.५ या खऱ्या आकड्यात बदलून ठेवतं. आठ महिने तुझी गाडी या उपकारावर चालली. १६ तारखेनंतर तू पाठवलंस "१२.५". हे त्याला आकड्यासारखं दिसत नाही, त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. मग ते तक्रार न करता टेक्स्ट म्हणूनच ठेवून देतं. पुढे सम करताना किंवा गुणताना असल्या टेक्स्टची किंमत शून्य धरली जाते. म्हणजे १७ ते २० या चार दिवसांचं, आठ पाळ्यांचं, सगळ्या गावाचं दूध शून्य.

मग पडद्यावर बरोबर कसं? कारण पडद्यावरची बेरीज तू पायथनमध्ये करत असणार, चौकोनातला टेक्स्ट फ्लोटमध्ये (अक्षरांचा दशांश आकडा करणारं फंक्शन) घालून. आणि पायथनच्या फ्लोटला देवनागरी अंक वाचता येतात! युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारं मानक) जो जो दशमान अंक म्हणून नोंदलेला आहे तो त्याला चालतो. विश्वास नसेल तर आत्ता टाकून बघ. म्हणजे एक वाचणारा मराठी शिकलेला, दुसरा न शिकलेला, आणि दोघांच्या हातात तू एकच कागद दिलास.

आता तू विचारलंस, "मी तर वेगळेच ठेवलेत ना?" नाही रे बाबा. फाइल वेगळी म्हणजे डेटा वेगळा नव्हे. तुझ्या प्रोग्राममध्ये आकड्याचा खरा मालक कोण, हे बघ. पाळी चालू असताना लिटर राहतात कुठे? टेबलाच्या चौकोनात. जतन करताना वाचतोस कुठून? चौकोनातून. बेरीज कुठून? चौकोनातून. तो चौकोन मुळात दाखवायची जागा, तू त्याची कोठी केलीस. मग कोठीला रंग दिला की धान्यालाही लागतो.

माझी गोष्ट. व्हीबी६ (मायक्रोसॉफ्टची जुनी व्हिज्युअल बेसिक), साताऱ्याकडची एक पतसंस्था, ठेवींचं रजिस्टर. ग्रिड म्हणजे एमएसफ्लेक्सग्रिड, त्यात टेक्स्टमॅट्रिक्स म्हणून प्रॉपर्टी: ओळ सांगा, कॉलम सांगा, अक्षरं घ्या. मी सगळा हिशोब त्याच्यावर करायचे. व्हॅल फंक्शनने अक्षरांचा आकडा करायचा आणि गुणायचा. व्यवस्थापक साहेब म्हणाले, ताई, लाखाचे आकडे वाचताना डोळे फिरतात, स्वल्पविराम द्या. मी लाख-हजाराप्रमाणे स्वल्पविराम देणारं फंक्शन स्वतः लिहिलं. इतकं सुंदर जमलं होतं की घरी येऊन नवऱ्याला दाखवलं. दुसऱ्या दिवशी व्याज काढलं. व्हॅल पहिल्या स्वल्पविरामाला थांबतं, पुढचं वाचतच नाही. १,२५,००० ची व्हॅल किती? एक. एक रुपया. सव्वा लाखाच्या ठेवीवर एका रुपयाचं व्याज, आणि ९५० रुपयेवाल्याचं मात्र अगदी बरोबर! गंमत बघ, एरर नाही, लाल खिडकी नाही, काही नाही. एका गुरुजींनी पासबुक पुढे केलं तेव्हा कळलं. तुझ्या आजी आणि माझे गुरुजी, असली माणसं नसती तर आपलं काही खरं नव्हतं.

त्याहून मोठा घोटाळा त्याच संस्थेत बघितला, आणि तो आपल्या लिपीचा आहे, म्हणून सांगते. सभासदांची नावं आधीच्या कोणीतरी त्या काळच्या मराठी फाँटमध्ये भरली होती. म्हणजे साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर, आणि फाँट त्या जागांवर मराठी तुकडे रंगवायचा: काना एक तुकडा, वेलांटी एक, अर्धा र एक. फाँट बदलला की सगळी नावं म्हणजे कचरा. पण मला खरा धक्का बसला तो नावांचा क्रम लावल्यावर. किसन, दिलीप, विठ्ठल, शिवाजी, हिराबाई, सगळे एका गठ्ठ्यात! मी अर्धा दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून टायपिंग करणाऱ्याने ती आधी टाकली होती. डोळ्याला दिसतं त्या क्रमाने साठवलेलं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने या सगळ्यांची नावं एकाच 'ि' ने सुरू होत होती.

ती गाठ आधी भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की मानकाने, १९९१ सालच्या आयएस १३१९४ ने, आणि पुढे युनिकोडने सोडवली. साठवताना आधी क, मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं. ती डावीकडे काढायची, हे काम पडद्यावर अक्षर रंगवणाऱ्याचं. आज तू 'किसन' टाइप करतोस आणि तुला काही जाणवतही नाही. डेटा वेगळा, दिसणं वेगळं म्हणजे हे. तुझ्या १२.५ लाही तीच वागणूक दे. आत १२.५ हा आकडा. तो इंग्रजीत रंगवायचा, मराठीत रंगवायचा, की 'साडेबारा' लिहायचा, ते रंगवणाऱ्याला ठरवू दे.

आता काय करशील ते. कोड इथे पेस्ट केला की इंडेंटेशनचा भुगा होतो, म्हणून शब्दांत सांगते.

प्रोग्राम बंद करून डेटाबेसच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घे. ही पायरी गाळलीस तर पुढचं वाचू नकोस. मग पायथनमध्ये त्या १,०४६ ओळी वाच, प्रत्येक टेक्स्ट फ्लोटमध्ये घाल आणि आकडा परत लिही. ज्या पायथनच्या उदारपणामुळे चूक लपली तोच आता निस्तरून देईल. फक्त लिटर नव्हे हं, फॅट, एसएनएफ, दर, सगळ्यांना टाइपऑफ लाव.

मग एक नवीन फाइल कर, पगार नावाची. तिच्यात दोनच गोष्टी: एका नोंदीचा क्लास (सभासद, तारीख, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ, दर) आणि नोंदींची यादी घेऊन बिल काढणारं फंक्शन. या फाइलीच्या माथ्यावर पायक्यूटीचं इंपोर्ट दिसता कामा नये. खिडकी न उघडता, काळ्या पडद्यावर (जिथे नुसत्या कमांड टाइप करतात), आजींचं बिल निघालं पाहिजे. निघालं तर जमलं, नाही निघालं तर कुठेतरी अजून चौकोन वाचतोयस. पैसे पैशांतच ठेव, पूर्णांकात. ३३ रुपये २५ पैसे म्हणजे ३३२५. दाखवताना भाग दे.

आणि एक कळीचा प्रश्न. कोणाचा पगार दिला, कोणाचा राहिला, हे प्रोग्रामला कसं कळतं? उत्तर दे, मला शंका आहे.

इतिहासमास्तर

मावशींनी मुद्दा नेमका पकडला. थोडी पार्श्वभूमी जोडतो. डेटा आणि दिसणं वेगळं ठेवायचा हा विचार वेबच्या फार आधीचा, डेस्कटॉपवरचाच आहे. ट्रिग्वे रेन्सकाउग हे नॉर्वेचे संशोधक १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून गेले होते. त्याआधी त्यांनी जहाजबांधणीसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. जहाज बांधायचं म्हणजे हजारो कामं, कोणतं कोणावर अवलंबून, कोण कधी मोकळा. तीच माहिती एकाला तक्त्यात हवी, दुसऱ्याला आराखड्यात. स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवर काम करताना त्यांनी पहिल्या टिपणात नाव दिलं थिंग-मॉडेल-व्ह्यू-एडिटर, आणि डिसेंबर १९७९ च्या टिपणात ते झालं मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर: मॉडेल म्हणजे डेटा, व्ह्यू म्हणजे तो दाखवणारा, कंट्रोलर म्हणजे वापरणाऱ्याच्या सूचना घेणारा. पुढे याची पिल्लं खूप झाली. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या खिडक्यांच्या साधनासाठी २००५ मध्ये जॉन गॉसमन यांनी मांडलेलं मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल हे त्यातलं एक. क्यूटीने आवृत्ती ४ मध्ये, म्हणजे २००५ मध्येच, मॉडेल आणि व्ह्यू वेगळे केले, कंट्रोलर व्ह्यूमध्येच मिसळला आणि चौकोन रंगवायला नि संपादन करायला 'डेलिगेट' आणला. तेव्हा भाच्याने आधी हे वेगवेगळे आकृतिबंध नीट समजून घेऊन त्यातला एक निवडावा, असं सुचवतो.

फ्लेक्सग्रिडवाली_मावशी

मास्तर, जहाजाची गोष्ट मला नवीन होती, छान. पण पोराला उद्या पहाटे साडेपाचला दूध घ्यायचंय. आकृतिबंध नंतर.

तीनच_खिडक्या

मी उलट बाजूने बोलतो, कारण इथे सगळे एकाच सुरात चाललेत. एका कंपनीत मी असा प्रोजेक्ट सांभाळलाय की पत्त्याच्या फॉर्ममध्ये पिनकोडचा एक रकाना वाढवायला नऊ फाइली उघडाव्या लागायच्या. एंटिटी, डीटीओ, मॅपर, व्ह्यूमॉडेल, त्याचा इंटरफेस... नव्या मुलाला मी विचारलं, पिनकोड कुठे ठरतो? तो म्हणाला, सर, कुठेच नाही, तो नुसता इकडून तिकडे जातो. हेही वेगळं ठेवण्याचंच फळ आहे.

भाच्या, तुझ्या प्रोग्रामला असून असून दोन-तीन खिडक्या. क्यूटेबलविजेट फेकून द्यायची गरज नाही. चौकोनात टेक्स्ट न टाकता सेटडेटाने एडिटरोलवर (चौकोनातला मूळ किमतीचा कप्पा) खरा आकडा टाक, १२.५ हा फ्लोट. क्रम आपोआप आकड्यासारखा लागेल, ९ आधी, १०.५ नंतर. मग क्यूस्टाइल्डआयटमडेलिगेटचा छोटा क्लास करून त्याचं डिस्प्लेटेक्स्ट तेवढं बदल: आलेला आकडा घे, तुझं ते चार ओळींचं फंक्शन लाव, मराठी अक्षरं परत दे. ते फंक्शन चांगलंच आहे, फक्त चुकीच्या दारात उभं होतं. जतन करताना टेक्स्ट नको, डेटा घे. दहा-बारा ओळींचा बदल. आज रात्री होईल.

एक सावधगिरी. 'एडिटरोलवर आकडा आणि डिस्प्लेरोलवर (दाखवायचा कप्पा) मराठी अक्षरं' असं करायला जाशील तर फसशील. क्यूटेबलविजेटच्या आयटममध्ये हे दोन्ही रोल मुळात एकच धरलेले आहेत. दुसरा लिहिलास की पहिला पुसला.

फ्लेक्सग्रिडवाली_मावशी

खिडक्यावाले, पिनकोडचं दुःख समजलं, आणि आज रात्रीपुरतं तुमचं औषध बरोबर आहे. भाच्या, तेच कर आज. पण पुढच्या महिन्यात क्यूटेबलव्ह्यूकडे (स्वतः काही न साठवता मॉडेलमधलं फक्त दाखवणारा तक्ता) जा. कारण सांगते. याच्याकडे एंट्रीची खिडकी आहे आणि सभासदाचं खातं दाखवणारी खिडकी आहे. दोन्हीत त्याच नोंदी. विजेट वापरलं की प्रत्येक खिडकीची स्वतःची कोठी, एकीत दुरुस्ती केली की दुसरीला पत्ता नाही. मॉडेल एक आणि व्ह्यू दोन असले की मॉडेल 'डेटा बदलला' म्हणून हाक मारतं आणि दोघेही स्वतःला नव्याने रंगवतात. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट टेबल मॉडेलला सांगायचं तरी काय असतं: ओळी किती, कॉलम किती, या चौकोनात काय. पन्नासेक ओळींत होतं. क्रम लावायला मध्ये सॉर्टफिल्टरप्रॉक्सी बसव, म्हणजे खरी यादी जागची हलत नाही, फक्त तिचं प्रतिबिंब हलतं. ओळ काढून टाकताना मात्र प्रॉक्सीचा नंबर मूळ नंबरात बदलून घे, नाहीतर जावाकरांसारखी रजा टाकावी लागेल.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस.

भाच्याचा_लॅपटॉप

मावशी, उत्तर द्यायची लाज वाटत होती. ज्याचा पगार दिला त्याची ओळ हिरवी होते. डेटाबेसात 'रंग' नावाचा कॉलम आहे, त्यात हिरव्याचा कोड. बिल छापताना ओळीचा बॅकग्राउंड रंग बघतो, हिरवा असेल तर सोडून देतो.

त्यात मार्चमध्ये मामाने लॅपटॉप बदलला, तो हिरवा त्याला फिका दिसायला लागला, म्हणून मी गडद केला. तेव्हा जुने पगार परत 'बाकी' दिसायला लागले. मी डेटाबेसात जुना कोड शोधून नवा टाकला आणि विषय संपवला होता.

तीनच_खिडक्या

मी माझं पिनकोडचं भाषण मागे घेतो.

फ्लेक्सग्रिडवाली_मावशी

हसले, पण तुला नाही. आमच्या संस्थेत थकबाकीदार म्हणजे ठळक अक्षरं, आणि कोडमध्ये खरंच तपासलं जायचं, चौकोन ठळक आहे का. रंग नोंदीवरून काढायचा असतो रे, रंग म्हणजे नोंद नव्हे. डेटाबेसात 'पगार दिला तारीख' ठेव. रिकामी असेल तर बाकी, तारीख असेल तर दिला, आणि कधी दिला हेही फुकटात कळलं. रंग मॉडेलमधून बॅकग्राउंडरोलवर (चौकोनाच्या मागच्या रंगाचा कप्पा) दे: तारीख आहे का, मग हिरवा. उद्या मामाला निळा हवा असेल तर एक शब्द बदलशील आणि कोणाचा पगार दोनदा जाणार नाही.

अजून एक, टेबल नव्याने बांधणारच असशील तर एसक्यूलाइट ३.३७ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, 'स्ट्रिक्ट' टेबल करता येतं. मग रिअलच्या कॉलमात "१२.५" अशी अक्षरं पाठवलीस की ते सरळ एरर देईल. जुन्या टेबलाला ते नंतर चिकटवता येत नाही, नवीन करून त्यात ओळी उतरवाव्या लागतात. तुझ्या पायथनसोबत कोणती आवृत्ती आलीय ते आधी बघून घे.

भाच्याचा_लॅपटॉप

मंडळी, आठवड्याने लिहितोय, उशीर झाला.

खिडक्यावाले दादांचं औषध त्याच रात्री लावलं, मराठी आकडे तसेच राहिले आणि १०.५ आता ९ च्या नंतर येतं. पगारची फाइल वेगळी झाली, पायक्यूटीचं इंपोर्ट नाही, काळ्या पडद्यावर आजींचं बिल ११८.५ लिटरचं निघालं. ते बघून एकटाच टाळ्या वाजवल्या, मामी बघायला आली काय झालं म्हणून.

१,०४६ पैकी १,०४३ ओळी फ्लोटमध्ये गेल्या. तीन ओळींवर पायथन अडून बसलं. त्या मार्चमधल्या निघाल्या, म्हणजे मराठी आकड्यांच्या कितीतरी आधीच्या. लिटरच्या चौकोनात मामाने लिहिलंय "नासलं". दूध परत पाठवलं होतं, मग लिहिणार कुठे, जागा तिथेच दिसली. समने त्याचं शून्य धरलं आणि योगायोगाने तेच बरोबर होतं.

फ्लेक्सग्रिडवाली_मावशी

मामाचं चुकलं नाही, त्याला सांगायचं होतं आणि तू जागा ठेवली नव्हतीस. 'शेरा' नावाचा टेक्स्ट कॉलम दे, त्यात "नासलं", आणि लिटर शून्य. नासलेल्या ओळी लाल हव्यात असं तो म्हणणारच. तेव्हा शेरा रिकामा नसेल तर फोरग्राउंडरोलवर (अक्षरांच्या रंगाचा कप्पा) लाल दे. रंगाचा कॉलम परत केलास तर तुझ्या मामाला फोन करीन.

भाच्याचा_लॅपटॉप

कॉलम उडवला मावशी, शपथ. आणि लाल हवं असं मामा म्हणालाच, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधी.

सगळ्यांचे फरकाचे पैसे कालच्या पगारात जोडून दिले. आजींना मात्र थांबायचं नव्हतं, त्यांचे १,५६७ रुपये ५० पैसे आधीच रोख दिले होते. त्यांनी पावती मागितली. फरकाची पावती छापायची सोय प्रोग्राममध्ये नाही. मामाने जुन्या रजिस्टरचं पान फाडून हाताने लिहून दिली, ती पण पिशवीत गेली.